उपास आणि खुराक

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. राहतो विंचूरला आणि शिकवायला जातो जवळच्या एका गावातील महाविद्यालयात. गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात अवांतर वाचन म्हणून 'श्यामची आई'मधली 'अळणी भाजी' ही गोष्ट घेतली होती. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिले, एवढी जवळीक सांगितली की मुले जरा कान देऊन ऐकतात. भाजीत मीठ नाही हे वडिलांनी बोलून दाखवले नाही, याबद्दल जे बोलायचे ते आम्ही दरवर्षीप्रमाणे बोललो. दुसऱ्याचे मन न दुखावणे, रांधणारीच्या कष्टांची जाण, वगैरे. मग सवयीने विचारले, की आईला हे कळले केव्हा? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ती सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली तेव्हा." वर्ग हसला. आम्ही 'बरोबर' म्हणून पुढे गेलो.

पुढे जायला नको होते. तीन महिन्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात त्याच मुलीला भोवळ आली. (तिची आणि पुढे येणाऱ्या मुलाची ओळख पटू नये, इतपत तपशील आम्ही बदलले आहेत.) चौकशीत कळले ते असे: सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे उपास, उरलेल्या दिवशी आईबरोबर सगळ्यांच्या मागून जेवण. शेवटच्या ताटात किती वाढले गेले आणि त्यातले किती पोटात गेले, हे मोजायला घरात कोणी जागेवर नसते. सात महिन्यांत अकरा किलो वजन उतरले होते. पाळी बंद होती. "ती फार देवाधर्माची आहे हो," आई सांगत होती आणि त्या स्वरात काळजीपेक्षा कौतुक अधिक होते. आईला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. नवरात्रातले तिचे नऊ दिवसांचे उपास ऐकून आम्हीही स्टाफरूममध्ये माना डोलावल्या होत्या.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की खाण्याशी जडलेला हा आजार मुलींत दिसतो आणि मुलांत दिसत नाही, असे जे सरसकट समजले जाते ते अर्धेच खरे आहे. आपल्याकडे तो दोघांतही दिसत नाही. मुलीत तो 'उपास' या शब्दाखाली झाकला जातो आणि मुलात 'खुराक' या शब्दाखाली. दोन्ही शब्द आपल्या भाषेत गुणवाचक आहेत, हीच खरी अडचण.

उपास म्हणजे आजार, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हा वाद युरोपच्या इतिहासाबाबत होऊन गेला आहे. रूडॉल्फ बेल यांनी १९८५ साली 'होली अ‍ॅनोरेक्सिया' या पुस्तकात सिएनाच्या कॅथरीनसारख्या, अन्न वर्ज्य करणाऱ्या इटालियन संत स्त्रियांची सांगड आजच्या आजाराशी घातली. पुढे १९८७ साली कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी बजावले, की मध्ययुगीन स्त्रीच्या उपवासाला तिच्या काळाचा, तिच्या श्रद्धेचा अर्थ होता आणि आजच्या रोगाचे नाव त्यावर चिकटवून तो अर्थ पुसू नये. आम्हांला बायनम यांचे म्हणणे पटते. येवल्याजवळ कोटमगावला नवरात्रात घटी बसणाऱ्या बायकांकडे पाहिले की ते अधिकच पटते. पण त्याच न्यायाने उलटेही पाहायला हवे. रोगाचे नाव श्रद्धेवर चिकटवू नये तसे श्रद्धेचे नाव रोगावरही चिकटवू नये. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही आपली म्हण उपासाच्या नावाखाली खाणाऱ्याला बरोबर पकडते. उपासाच्या नावाखाली उपाशी राहणारीला पकडणारी म्हण आमच्या तरी ऐकिवात नाही.

शिवाय आपल्याकडे मुलीची उपासमार गर्दीत लपते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलग्यांत ३१.१ टक्के. मुलग्यांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा १३ आणि मुलींसाठी १२ धरली जाते, म्हणजे मोजपट्टी मुलग्यांना कठोर असूनही हे अंतर पडते. रक्तक्षय म्हणजे खाण्याचा मानसिक विकार नव्हे, हे उघड आहे. पण जिथे दर पाच मुलींतल्या तिघी फिकट असतात, तिथे एखादी फिकट मुलगी कोणाच्या डोळ्यांवर येणार? लोहाच्या गोळ्या देऊन आपण मोकळे होतो.

आता मुलाकडे येऊ. तो त्याच वर्गातला, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. बारावीनंतर पोलीस भरतीत उतरायचे, म्हणून छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी ५, हे आकडे त्याला वर्गातल्या कोणत्याही कवितेपेक्षा पक्के पाठ. भरती हे निमित्त; छाती भरली तरी तो थांबला नाही. अंड्यांचा पांढरा भाग मोजून, बिनमिठाचे उकडलेले चिकन, भाकरी वर्ज्य, लग्नाच्या पंगतीत बसायचे नाही म्हणून लग्नालाच जायचे नाही. दिवसातून तीनदा वजन. एक दिवस व्यायाम चुकला तर रात्री अकराला लासलगाव रस्त्याने धावायचे. हे सारे आम्हांला कोठून कळले? त्यानेच 'माझा दिनक्रम' या निबंधात लिहिले होते. आम्ही त्याला दहापैकी नऊ गुण दिले आणि समासात शेरा मारला, 'शिस्त वाखाणण्याजोगी.' ती वही त्याने जपून ठेवली आहे, हे पुढे समजल्यावर आम्हांला फार अवघडल्यासारखे झाले.

या मुलाच्या अवस्थेला वैद्यकात नाव आहे. अमेरिकेतील हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास करून १९९३ साली तिला 'उलटा अ‍ॅनोरेक्सिया' म्हटले आणि १९९७ साली 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव दिले. आरशात मुलगी स्वतःला जाड दिसते, मुलगा स्वतःला किडकिडीत दिसतो; आरसा दोघांशीही खोटेच बोलतो. हल्ली शास्त्रज्ञ ही अवस्था खाण्याच्या विकारांत न धरता देहप्रतिमेच्या विकारांत धरतात. ते असो. ताटाशी मांडलेले वैर तेच आहे.

आणि वजन उतरवणारे मुलगेही आहेतच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत या कुस्तीगिराने कांस्यपदकाच्या लढतीपूर्वी सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवले, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांनी तो पराक्रम म्हणून एकमेकांना ऐकवला. तो पराक्रम होताच. पण त्याच्या मागे प्रशिक्षकांचे पथक रात्रभर जागे होते. गावच्या पोराच्या मागे मोबाइलवरचा एक व्हिडिओ असतो.

इंग्रज वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली या आजाराचे जे वर्णन केले, ते पहिल्या वैद्यकीय वर्णनांपैकी एक मानले जाते. त्यात रुग्ण दोन होते, एक अठरा वर्षांची मुलगी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा. म्हणजे मुलगा आरंभापासून तिथे होता. १८७३ साली पॅरिसमध्ये लासेग यांनी या आजाराला उन्मादाशी, म्हणजे त्या काळच्या समजुतीनुसार बाईच्या रोगाशी जोडले, आणि मुलगा हळूहळू पुस्तकातून बाहेर पडला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीत निदानाची एक खूण होती सलग तीन पाळ्या चुकणे. ती २०१३ साली वगळली गेली. तोवर डॉक्टरांची नजर मुलीच्या देहावर घडत राहिली. फिजी बेटांवर दूरदर्शन पोहोचल्यावर किशोरवयीनांच्या खाण्यात काय बदल झाला, याचा अ‍ॅन बेकर यांनी १९९५ व १९९८ साली केलेला अभ्यास सर्वत्र उद्धृत होतो. तोही फक्त मुलींचाच आहे.

तरीही 'दोघांचेही सारखेच' असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीत अ‍ॅनोरेक्सियाचे आयुष्यभरातील प्रमाण स्त्रियांत ०.९ आणि पुरुषांत ०.३ टक्के निघाले. फरक खराच आहे. लग्नाच्या बायोडाटात 'बांधा' हा रकाना मुलीला भरावा लागतो, मुलाच्या त्या जागी 'शेती' असते. मुलीला कमी जागा व्यापायची असते, मुलाला जास्त. मुलीच्या न खाण्याला आपल्याकडे निदान 'अन्नावरची वासना उडाली' असे म्हणायची सोय आहे. मुलगा मोजून-मापून, बारा वेळा, खातच असतो. त्याला आजारी म्हणायचे तर कोणत्या क्रियापदाने? आणि त्याने मदत मागितली, तर 'ही बायकी थेरं कुठून शिकलास' हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. आम्ही त्याला निबंधाबद्दल विचारले तेव्हा त्याचे पहिले वाक्य होते, "सर, घरी सांगू नका."

मुलगी आता नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. वजन थोडे वाढले आहे, उपास दोनावर आले आहेत. मुलगा अजून कोणाकडे गेलेला नाही.

आमच्याकडे दर दिवाळीनंतर मुलींची हिमोग्लोबिन तपासणी होते. यंदा मुलांचीही तपासणी व्हावी, आणि दोघांनाही खाण्याविषयी चार प्रश्न विचारले जावेत, असा लेखी अर्ज आम्ही दिला. "मुलांना काय धाड भरलीय?" असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हसत विचारले. अर्जावर अजून शेरा आलेला नाही.