घरकाम हा व्यायाम नव्हे

"अगं, दिवसभर घरात राबतेस, तोच व्यायाम झाला की!" हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, आणि बस्तीत अभिषेक आटोपल्यावरच्या गप्पांत तर अजूनही ऐकते. बोलणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. म्हणून हे भांडण बायकांशीच.

चार वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात एका रात्री माझी छाती एकाएकी धडधडायला लागली. श्वास पुरेना, हातांना मुंग्या, तोंड कोरडं. आता आपण मरणार, याबद्दल काडीची शंका नव्हती. ईसीजी काढला, तो चांगला आला. थायरॉईड, हिमोग्लोबिन, तेही ठीक. हा घबराटीचा झटका, पॅनिक अटॅक, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर नात्यातल्या बायकांनी निदान बदललं. एक म्हणाली, उपवासाचं पित्त. दुसरी म्हणाली, असाता कर्माचा उदय. तिसरी म्हणाली, "तुला काय कमी आहे गं घाबरायला?" तिचा राग अजून गेलेला नाही.

झटका पुन्हा आला. पण झटक्यापेक्षा वाईट होती त्याची वाट पाहणं. जिना चढला की छाती धडधडे, आणि धडधडली की ती रात्र आठवे. म्हणून मी जिना टाळला, मग भाजीबाजार टाळला, शेवटी बस्तीच्या पायऱ्याही नकोशा झाल्या. जितकी बसून राहिले तितकी धडधड लवकर व्हायला लागली. शरीराची सवयच मोडली होती.

भरभर चालण्यानं जे होतं ते इथे होतं. छाती धडधडते, दम लागतो, घाम येतो. झटक्यात होतं तेच सगळं, पण आपण होऊन आणलेलं. थांबलं की दहा मिनिटांत ते आपोआप खाली बसतं. हे रोज घडलं की धडधड म्हणजे मरण नव्हे, हे मनाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पहिले आठ दिवस मला उलट जास्त भीती वाटली, हेही सांगते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची. दोन-अडीच महिन्यांनी फरक कळला, आणि तोही झोपेवरून आधी कळला.

घरकामात हे होत नाही. विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या, जात्यावर दळणाऱ्या माझ्या आजीला ते वाक्य शोभलं असतं. आपण ओट्यापाशी उभ्या असतो. कंबर दुखते, पाय भरून येतात, पण दम लागत नाही. कान कुकरच्या शिट्टीकडे, डोळा दुधावर, डोक्यात कुणाचा डबा नि कुणाचं औषध. थकवा येतो तो असा, की चिंता तिथेच्या तिथे राहते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पोळ्या लाटताना आपण अख्खी आरती म्हणतो.

"त्यापेक्षा जप कर," असंही सांगतात. करते की. नऊ वेळा णमोकार, सत्तावीस श्वासांचा कायोत्सर्ग, त्यानं श्वास संथ होतो, हा माझा अनुभव आहे. पण भर झटक्यात स्थिर बसून स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकणं मला जमलं नाही. आणि चालणं आपल्याला परकं कधीपासून झालं? मुनी-आर्यिका चार हात जमीन पाहत गावोगाव पायी विहार करतात. त्यांच्यासोबत चार पावलं चाललं तर पुण्य, आणि घरची सून सकाळी एकटी रस्त्यानं चालली तर "कुठे निघाली ही?"

खरी अडचण वेळेची आहे, ते मी नाकारत नाही. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर शेजारणी संध्याकाळी फिरायला निघतात, तेव्हा सूर्यास्ताआधीच्या जेवणासाठी आपली कणीक भिजत असते. अंधारात चाललं तर पायाखालचा जीव दिसत नाही. उरते सकाळ, आणि सकाळचा चहा-डबा कुणी करायचा, इथे गाडी अडते. तो अर्धा तास मागावा लागतो. मी मागितला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी मुलानं स्वतःचा चहा केला. पातेलं करपलं, बाकी काही झालं नाही.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी चालायला लागलो म्हणून त्या मनानं बंद करू नयेत. गोळी घेणारीला दुबळी म्हणणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे. छातीत पहिल्यांदाच असं झालं तर आधी तपासून घ्यावं, चालायला नंतर जावं. निर्जळ उपवासाच्या दिवशी मी चालतच नाही.

चातुर्मासात मैदानावर गवत उगवतं, त्यावर पाय देववत नाही. तेव्हा गच्चीवर फेऱ्या घालते. खालच्या काकू ओरडून विचारतात, वर काय चाललंय. कपडे वाळत घालतेय, असं पूर्वी सांगायची. आता "चालतेय" म्हणते.