पदपथावरील माणूस आणि एकविसावे कलम

राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपजीविकेचा हक्क स्वतंत्रपणे नोंदलेला नाही. निवाऱ्याचा नाही, खाजगी जीवनाचाही नाही. एकविसावे कलम फक्त जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा उल्लेख करते, आणि कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीने तीही हिरावून घेण्याची मुभा ठेवते. अमेरिकेच्या घटनेत १७९१ साली नववी दुरुस्ती झाली. काही हक्क नोंदले म्हणून जनतेकडे असलेले बाकीचे हक्क नाकारले असे समजू नये, असे ती सांगते. आपल्या घटनेत असे कलम नाही. त्यामुळे यादीबाहेरचा हक्क येथे जगतो तो न्यायाधीशांच्या दृष्टीवर.

ती दृष्टी किती बदलू शकते हे आणीबाणीने दाखविले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी असा निर्वाळा दिला की, एकविसावे कलम तहकूब असताना बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही नागरिकाला दाद मागता येणार नाही. जीविताचा हक्क ही घटनेने दिलेली देणगी नव्हे, तो तिच्याही आधीचा आहे, हे एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी बजावले. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून सरन्यायाधीश नेमण्यात आला, हे विसरू नये.

बहुमतातील चौघांपैकी एक न्या. यशवंत चंद्रचूड होते. नऊ वर्षांनी सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच मुंबईच्या पदपथवासीयांचा निवाडा लिहिला. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवरील व झोपडपट्ट्यांतील लोकांना बळाने हटवून त्यांच्या मूळ गावी अथवा शहराबाहेर धाडण्याची घोषणा केली. भर पावसात झोपड्या पाडल्या गेल्या. सेलमहून आलेल्या एका भूमिहीन मजुराला बसमध्ये बसवून परत पाठविण्यात आले. गावी काम नव्हतेच; तो पुन्हा मुंबईला आला आणि पुन्हा पदपथावर राहिला. शासनाच्या धोरणाचे याहून नेमके परीक्षण कोणत्याही आयोगाने केले नसते.

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही पदपथवासी न्यायालयात गेले. पदपथावर झोपडी बांधण्याचा आपल्याला मूलभूत हक्क नाही, अशी कबुली त्यांच्या वतीने उच्च न्यायालयात दिली गेली होती. १० जुलै १९८५ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली बाजूला सारली: मूलभूत हक्क कोणाला सोडून देता येत नाही, आणि उपजीविकेचे साधन काढून घेणे म्हणजे जीवितच काढून घेणे होय. मार्गदर्शक तत्त्वांतील एकोणचाळिसावे कलम पुरेशा उपजीविकेची भाषा करतेच. न्यायालयाने ती एकविसाव्या कलमात वाचली.

येथवर निवाडा वाचून अनेकजण थांबतात. पुढील भाग असा की, पूर्वसूचनेशिवाय अतिक्रमण हटविण्याचा अधिकार देणारे १८८८ च्या महापालिका कायद्याचे ३१४ वे कलम वैध ठरले. झोपड्या हटविण्यास मोकळीक मिळाली. मात्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, थांबण्यास सांगण्यात आले. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायची होती. बाकीच्यांना हक्क मिळाला, जागा नाही.

म्हणून अशा निवाड्यांना कमी लेखावे असे नाही. त्याच एकविसाव्या कलमाच्या आधारे २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगी जीवनाचा हक्क मान्य केला आणि १९७६ चा निर्णय चुकीचा ठरविला. त्यातील एक निकालपत्र यशवंत चंद्रचूड यांच्याच चिरंजीवांचे होते. परंतु त्याच न्यायालयाने २००० साली, अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देणे म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देणे होय, असे उद्गारही काढले. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयाने बुलडोझरला लगाम घातला, पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, निवाऱ्याला एकविसाव्या कलमाचे छत्र दिले. रस्ते, पदपथ, रेल्वेमार्गालगतच्या जागा व नदीपात्रे यांवरील अनधिकृत बांधकामे मात्र या निर्देशांतून वगळली. १९८५ चे फिर्यादी नेमके जेथे राहत होते, ती जागा वगळली गेली.

हक्क कायद्यात लिहिला गेला की काय घडते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्री-पुरुष खडी फोडत होते, मोर्चे काढत होते. त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. काम मागणाऱ्या मजुराला अर्ज करता येऊ लागला, आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याची जबाबदारी शासनावर आली. त्यासाठी त्याला दिल्लीला वकील पाठवावा लागला नाही. पदपथावरील कुटुंबाने पर्यायी जागेसाठी कोणत्या कचेरीत, कोणत्या मुदतीचा अर्ज द्यावा? असा अर्ज आज अस्तित्वात नाही. शहरी कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतून मागणी करायची ती या अर्जाची, त्यावरील मुदतीची, आणि मुदत टळल्यास शासनाने काय द्यावे याची.