वणवा विझवायचा तो माघात

'वणवा पेटला' असे आपण म्हणतो. जणू तो आपोआपच पेटतो! आपल्या सह्याद्रीतले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणाची न विझवता टाकलेली विडी, कुणाची बांध जाळताना उडालेली ठिणगी, तर कुणी 'जाळले म्हणजे गवत दाट येते' या समजुतीने मुद्दाम लावलेली काडी. राखेतून कोवळे पाते लवकर फुटते, हे खरे. पण उघडा पडलेला डोंगर पावसाळ्यात आपली माती ओढ्याच्या स्वाधीन करतो, हे कोण पाहतो?

महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. 'आपत्ती व्यवस्थापन' हा शब्द मला इथे कळला. कोकणातल्या आमच्या वाडीतली जुनी माणसे मात्र हे काम त्याचे नाव न घेताच करीत आली आहेत. माघात गवत वाळले की घराभोवती आणि आंबा-काजूच्या बागेभोवती रुंद पट्टा साफ करायचा, कौलांवरचा पातेरा झाडायचा, गवताची गंजी गोठ्याला खेटून रचायची नाही. खाद्य संपले की आग थांबते. चढावर ती धावत सुटते. म्हणून डोंगरउतारावरच्या घराला खालच्या अंगाचा पट्टा अधिक रुंद हवा.

मग बागा जळतात कशा? प्रत्येकजण आपल्या वईपुरता पट्टा काढतो म्हणून! मुंबईला गेलेल्या भावकीची पडीक जमीन आणि सामाईक माळ यांवरचे गवत कुणाचेच नसते. आग काही सातबारा वाचून येत नाही.

राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. आज उपग्रहावरून वनखात्याला आगीची सूचनाही मिळते. पण उपग्रह गवत कापीत नाही. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने वीसहून अधिक पदभ्रमण करणाऱ्यांचा बळी घेतला. पेटल्यावर पळायलाही अवधी मिळत नाही, तो असा.

म्हणून त्या बेवारशी गवताचा ठराव ग्रामसभेने माघातच करावा. आणि मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावचे रस्ते झाडतो. रस्ते गावही झाडील. शिबिरातले दोन दिवस गावकऱ्यांच्या जोडीने विळा घेऊन त्या माळावर द्यावेत, अशी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. श्रमदानाचे छायाचित्र कदाचित साधे येईल. पण वैशाखात एखादी बाग उभी राहील.