पिस्तूल सरकारचं, कंबर तिची

मैत्रिणींनो, लालबागच्या गणपतीच्या रांगेत चार तास उभं राहिलं की आपले पाय भरून येतात. तिथेच बारा-बारा तास बंदोबस्ताला असणारी महिला फौजदार कमरेला पिस्तूलही वागवत असते. ते तिला कुठे टोचत असेल, याचा विचार कधी केलाय?

पिस्तुलाचं होल्स्टर सहसा उजव्या कमरेला असतं. बायकांची कंबर आखूड, खालचा घेर मोठा. मूठ सरळ बरगडीत रुतते. जीपमध्ये बसलं की जास्तच! यावर उपाय तसा जुनाच. तलवार डावीकडे लटकवून उजव्या हाताने उपसायचे ना, तसंच हे ‘क्रॉसड्रॉ’ होल्स्टर. डावीकडे, जरा पुढे, मूठ उजव्या हाताकडे. बसायला-वाकायला सोयीचं.

पण गर्दीत? समोरच्याचा हातही त्या मुठीपर्यंत सहज पोचतो, आणि उपसताना नळी शेजारच्यांवरून फिरते. म्हणून गाडीतून गस्त घालणारीला ते ठीक, लालबाग-परळच्या गर्दीत नको. कुठलंही घ्या, चाप पूर्ण झाकणारं, वरून बंद होणारं आणि रुंद पट्ट्यावर घट्ट बसणारं हवं.

२०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं, वजन साधारण अर्धा किलो. दिलं मात्र दागिन्यांसारख्या पेटीत! पेटी कशाला? आपल्या गावच्या मुली पोलीस भरतीसाठी पहाटे धावतायत. साध्या ब्लाउजलाही आपण माप देतो; मग होल्स्टर ठरवताना तिला विचारायला काय हरकत आहे?