थेंबांचा हप्ता

बँकेत असताना एक गोष्ट शिकलो. नुसत्या नोटिशीने हप्ते येत नाहीत; कर्जदाराच्या ओसरीवर बसून अडचण विचारली, तर येतात. काचबिंदूच्या थेंबांचेही तसेच आहे. हा आजार बहुधा दुखत नाही. कडेची नजर गुपचूप नेतो. थेंबांनी गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली टिकवता येते. म्हणूनच ‘काही फरक नाही’ म्हणत बाटली कोनाड्यात पडून राहते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने अशा रुग्णांना एकेकट्याने समजावणारे मार्गदर्शक देऊन पाहिले. वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासलीत हे काम आशाताई करील, घरातली नातही करील. हात थरथरतो का, बाटली संपली का, पुण्याला जायला पैसे आहेत का, एवढेच विचारायचे. आजोबांवर रागावू नका. थेंबांच्या वेळी जवळ बसा.