रिकाम्या खोलीतील चित्रगृह

गोमंतकातील जुन्या घरांतून एखादी तरी खोली हल्ली रिकामी असते. मुलगा आखातात असतो, मुलगी नोकरीनिमित्त पुण्यास गेलेली असते, आणि त्यांच्या खोलीत मोडका पलंग, पितळेची जुनी भांडी व चवथीपुरती खाली उतरणारी माटोळीची चौकट एवढाच संसार उरतो. अशी खोली झाडून-पुसून तेथे स्वतःच्या हातांनी ‘होम थिएटर’ उभारण्याची हौस आपल्या मध्यमवर्गात दिसू लागली आहे. ही निव्वळ चैन होय, असे म्हणून काही वडीलधारे नाक मुरडतात. आमचे मत तसे नाही. दुकानदाराने आणून बसविलेली यंत्रसामग्री ही चैन असेल. परंतु सुट्टीच्या दिवशी फीत घेऊन भिंती मोजणारा, पडद्याची लाकडी चौकट स्वतः ठोकणारा आणि ध्वनीचे शास्त्र समजून घेणारा गृहस्थ एक विद्याच घरात आणीत असतो. प्रश्न आहे तो, ती विद्या कोणासाठी, एवढाच.

ही विद्या आपणांस परकी नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मर्त्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे नाट्यगृह सांगितले. याहून मोठे केले तर नटाचा स्वर विरतो आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, असे कारणही दिले. मंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, वारा बेताचा असावा, म्हणजे स्वरास गांभीर्य येते, हेही त्यांनीच सांगितले. पश्चिमेकडे या शास्त्राला गणिताची बैठक मिळाली ती एका उशीमुळे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही व श्रोत्यांना काही कळत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या उशा रात्री उचलून आणल्या, त्या मांडून ऑर्गनच्या नळीचा निनाद घड्याळावर मोजला, आणि त्यातून आधुनिक ध्वनिशास्त्र उभे राहिले. यात पैशापेक्षा कानाचे आणि चिकाटीचे काम अधिक, हे ज्याने त्याने ध्यानी घ्यावे.

आपल्या चिरेबंदी खोलीतही आरंभ असाच करावा. मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. गिलावा केलेल्या समोरासमोरच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी यांमुळे तिचा खणखणाट परत आला, तर महागडा स्पीकरही तेथे व्यर्थ होय. जाड सतरंजी, पुस्तकांनी भरलेली कपाटे, भिंतीवर कापडात मढविलेली कापसाची वा रॉकवूलची गादी यांनी तो निनाद शमतो. अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटविण्याचा प्रघात मात्र निरुपयोगी आहे. आपल्याकडील पावसाळा ध्यानात घेऊन गादी आणि भिंत यांत बोटभर फट ठेवावी, नाही तर आषाढातच बुरशी धरेल. खोली चौरस नसावी. लांबी-रुंदी सारखी असली की तेच ते खालचे सूर फुगतात. १०० इंची पडद्यासमोर सुमारे १० फुटांवर, ८० इंचीसमोर ८ फुटांवर बसावे, आणि मागच्या भिंतीला टेकून बसणे टाळावे. जागा अपुरी असेल तर पडदा लहान करावा. मोठेपणाच्या हव्यासाने खोली मोठी होत नसते. विजांच्या दिवसांत यंत्रांचे प्लग काढून ठेवावे, हे वेगळे सांगावयास नको.

यापुढचा मुद्दा शेजारधर्माचा. खोलीच्या आत निनाद शमविणे आणि आवाज बाहेर जाऊ न देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गाद्यांनी पहिली साधते, दुसरी नव्हे. सबवूफरचा घनगंभीर नाद कौलांतून आणि खिडक्यांच्या फटींतून सहज निसटतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. किनाऱ्यावरील रात्रभराच्या गोंगाटाविरुद्ध तक्रार करणाऱ्यांनी आपल्या भिंतीपलीकडे कोणी आजारी, कोणी परीक्षेस बसणारे आहे, याचे भान प्रथम ठेवले पाहिजे.

आता मूळ प्रश्न. गोमंतकात नाटक पाहिले गेले ते देवळाच्या प्रांगणात. उत्सवाच्या रात्री गावचेच मास्तर, गावचेच दुकानदार तोंडाला रंग लावून उभे राहत, आणि चुकलेल्या वाक्यावर हसणारा प्रेक्षकही गावचाच असे. पुढे चित्रपट आला, तरी पणजी, मडगाव, म्हापसे येथे माणसे एका अंधारात खांद्याला खांदा लावून बसली. त्यांतील अनेक एकपडदा चित्रपटगृहे बंद पडली. २००४ पासून पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो खरा. पण तो वर्षातून एकदा. उरलेले दिवस घरातील प्रत्येक जण आपापल्या फोनच्या पडद्यात मान घालून असतो. अशा वेळी घरात बांधलेले चित्रगृह हे आणखी एक बंद दार ठरणार, की जुन्या घरातील राजांगणासारखी सर्वांची जागा?

हौशी मंडळी एका खुर्चीसाठी सारी मोजमापे करतात. त्या एका आसनावर ध्वनी निर्दोष यावा, म्हणून महिनोन् महिने खटाटोप चालतो. परंतु मधला स्पीकर कशासाठी असतो, हे त्यांनी आठवावे. बरोबर मध्यभागी बसणाऱ्याला डाव्या-उजव्या स्पीकरांतूनही संवाद पडद्याच्या मध्यातून आल्याचा भास होतो. कडेला बसणाऱ्याला तो होत नाही. त्याच्यासाठी मधल्या स्पीकरची योजना आहे. म्हणजे कडेला कोणी बसलेले असेल, हे या शास्त्राने गृहीतच धरले आहे!

तेव्हा आमचे सांगणे इतकेच, की एका आसनावरची निर्दोषता थोडी कमी झाली तरी चालेल. तेथे सहा माणसांची सोय करावी. मधली खुर्ची आजीसाठी राखावी, कारण तिला कमी ऐकू येते. पुढे सतरंजीवर शेजारची मुले बसावीत. गावच्या उत्सवातील नाटकाचे कोणी चित्रण केले असेल, तर तेही कधी तेथे लावावे. आणि ही खोली घडविताना घरातील मुलांच्या हातीही हातोडी द्यावी. परगावी गेलेल्या मुलांना घराकडे ओढणाऱ्या गोष्टी आधीच थोड्या आहेत, त्यांत आपण घडविलेल्या खोलीची एकीने भर पडेल.