विमाने किती हवीत, हे सरासरीला विचारू नका

सिव्हिल एअर पेट्रोल या अमेरिकी स्वयंसेवी हवाई संस्थेच्या नियामक मंडळाच्या सदस्यांस,



डिसेंबर 1941 पासून तुमचे स्वयंसेवक अमेरिकेच्या आकाशात विनावेतन राबत आहेत. आज संस्थेकडे साडेपाचशेच्या आसपास विमाने आहेत. बहुतेक सेस्ना 172 आणि 182. ताफा केवढा असावा, हा प्रश्न निघाला की दर विमानामागे वर्षाला 200 तास उड्डाणाचा मापदंड पुढे येतो. पण वर्षाचे तास 8,760. म्हणजे मापदंडात चोख बसणारे विमानही सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक वेळ जमिनीवरच असते. आगीचा बंब किती किलोमीटर धावला यावरून शहराला बंब किती लागतात हे ठरत नाही, तसेच हे.

मोजायचा तो सर्वांत ओढाताणीचा दिवस. स्वयंसेवक नोकरीधंद्यातले, त्यामुळे कॅडेटांची उड्डाणे शनिवार-रविवारी येतात. त्याच शनिवारी एखादे विमान बेपत्ता होऊन त्याचा शोध तुमच्यावर आला आणि एक सेस्ना वार्षिक तपासणीसाठी इंजिनावरचे झाकण उघडून हँगरात उभी असली, तर उरलेल्यांपैकी किती विमाने पायलट, ऑब्झर्व्हर आणि स्कॅनर घेऊन वेळेत शोधाच्या जागी पोहोचतील? सुमारे 17 लाख चौरस किलोमीटरच्या अलास्काला आणि जेमतेम 4 हजारांच्या ऱ्होड आयलंडला या प्रश्नाचे उत्तर एकच कसे असेल?

यावर कुणी म्हणेल, उभ्या विमानावरही विमा, हँगर, तपासणीचा खर्च होतोच. खरे आहे, शिवाय न उडणाऱ्या इंजिनात कॅमशाफ्टला गंज चढतो. म्हणूनच मी विमाने साठवा म्हणत नाही. जिथे उडवणारे हात नाहीत तिथले विमान आधी हात असलेल्या ठिकाणी हलवा. तिथेही गरज नसेल तर खुशाल विका. दुसरा आक्षेप उपग्रहांचा. 406 मेगाहर्ट्‌झच्या आपत्कालीन बीकनचे संकेत उपग्रह टिपतात, त्यामुळे शोधाचे वर्तुळ लहान झाले, हे मान्य. पण 2017 मध्ये हार्वे वादळानंतर बुडालेल्या टेक्ससची छायाचित्रे घ्यायला तुमचीच विमाने लागली. हे काम ड्रोन करतील म्हणाल, तर ड्रोन गल्ली दाखवतो. अख्खा जिल्हा एका दुपारी पाहायला अजून सेस्नाच सोयीची.

तेव्हा विनंती एवढीच : कपातीचा कागद पुढे आला, तर सही करण्याआधी प्रत्येक राज्याचा सर्वांत वाईट शनिवार मांडून पाहा. त्या दिवशी जेवढी विमाने लागतील, तेवढाच ताफा योग्य.

आपला,
एक हितचिंतक